सरांचा अंगठा आणि बकऱ्याची पीयूषिका

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढं रांग असते, हे काही मी सांगायला नको. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्या रांगेत दर रविवारी मीही उभी असायची. लोकांच्या हातात पिशवी, माझ्या हातात बर्फ भरलेला थर्मास. पहिल्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "बोला ताई, काय देऊ? खिमा, चाप, का कलेजी?"

"पीयूषिका," मी म्हणाले.

मागं उभा असलेला गृहस्थ लगेच पुढं वाकला. "हे काय नवीन आलंय? आमालाबी द्या की पावशेर."

पावशेर पीयूषिका गोळा करायची तर एका गावाची जत्रा पुरणार नाही. मेंदूच्या बुडाशी, कवटीच्या हाडातल्या एका खळगीत ही हरभऱ्याएवढी ग्रंथी बसलेली असते. इंग्रजीत पिट्युटरी म्हणतात ती हीच. अंगाची वाढ, दूध, पिल्लं, सगळ्याचे हुकूम तिथून सुटतात. खवय्ये भेजा घेऊन जातात आणि ही बिचारी खळगीतच राहते, मग कवटीबरोबर कचऱ्यात जाते. मी दुकानदाराला एक कवटी मागितली, खिशातला चिमटा काढून ग्रंथी उचलून दाखवली. त्यानं ती निरखून पाहिली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी रांगंत उभारलाय व्हय? फुडल्या रविवारपास्नं बाजूला या, काढून ठेवतो." रांगेतल्या एका बाईंनी मला आधी कीव आणि मग संशय अशा दोन्ही नजरांनी पाहून घेतलं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. विषय असा की पिट्युटरीच्या पेशींभोवतीच्या पाण्यातले क्षार कमीजास्त केले तर त्या पेशींची वीज कशी बदलते. आमच्या कुरुंदवाडला वडील लोकांना सांगायचे, "आमची पोरगी बकऱ्याच्या डोस्क्यातली वीज मोजती." त्यावर शेजारचे विचारायचे, "मग बिल कुणाच्या नावावर येतंय?" जयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. दोन शब्द बोला म्हणाले, म्हणून मी पेशीच्या भिंतीवरच्या दारांबद्दल बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून टाळ्या वाजवल्या. मग एक आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, त्या बकऱ्यास्नी तरास हुत न्हाय न्हवं?" दुकानात आधीच झालेला असतो, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

माझे मार्गदर्शक नेसरीकडचे. शेतकऱ्याच्या घरातले, उंच, आवाज असा की जिन्यात बोलले तर गच्चीवरची कबुतरं उडावीत. वर्गात इंग्रजी शुद्ध तुपातलं, आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की गावाकडची भाषा. आमच्याकडं पैसा नव्हता, पण सरांकडं हिकमत होती. इमारतीजवळून ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि पेशीला टेकवलेली काचेची बारीक सुई निसटायची. सरांनी टेबलाच्या पायांखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब घातल्या. आसपासच्या विजेचा गुणगुणाट अडवायला उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून जाळीचा पिंजरा करून घेतला. पाहुण्यांना वाटायचं, आम्ही कोंबड्या पाळतो.

पेशीच्या विजेचा ठोका पडला की पडद्यावरची हिरवी रेघ टुणकन उडी मारायची. सरांनी त्याला एक जुना स्पीकर जोडला होता, त्यामुळं प्रत्येक ठोक्याला टक् असा आवाज यायचा. पेशी रंगात आली की तडक्यात मोहरी तडतडावी तसं चालायचं. सर लांबूनच ओरडायचे, "बोलालीया का गं?" आणि मी ओरडायची, "बोलतेय सर!"

मला पहिल्या आठवड्यात त्यांनी जे समजावलं ते आजही मी माझ्या विद्यार्थ्यांना तसंच सांगते. "हे बघ, यष्टी हाय असं समज. आत पोटॅशियमची गर्दी, भायेर सोडियमची. दारातनं पोटॅशियम जरा जरा भायेर सांडत असतंय, म्हणून आतली वीज उणी. आता तू भायेरच्या पाण्यात पोटॅशियम वाढवलंस, तर आतलं भायेर कशाला येईल? उणेपणा कमी झाला, की दुसरी दारं उघडली. त्यातनं कॅल्शियम आत घुसलं, की गाडी हलली. टक्."

"आणि बाहेर कॅल्शियमच नसेल तर?"

"मग कोण घुसणार? गाडी जाग्यावर. गप्प."

हे 'गप्प' लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

सरांचं एक व्यसन होतं, तंबाखू. दर तासाला डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, डबीतून अंगठ्याच्या नखावर घेतलेला चुना, मग त्याच अंगठ्यानं निवांत मळणं, वर दोन थापा, आणि गालात बार. हे चालू असताना ते सगळ्यात छान शिकवायचे. मला त्याचा राग यायचा, कारण काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला एकदा स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं. सरांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तंबाखू आज सोडा, नाही सोडली आणि चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि मग काय निघेल ते माझ्या हातात नाही.

"लगीन झाल्यापासनं सांगालोय," काकू म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात. "सांगून सांगून थकलो. डबी लपीवली, पुडी चुलीत टाकली. म्हणत्यात, तंबाखू न्हाय तर डोस्कं चालत न्हाय. आता डोस्कं घिऊन काय करू मी, माणूस न्हाई ऱ्हायला तर?" एवढं बोलून त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. काकूंना रडू आलं की त्या वाढत सुटायच्या. त्या दिवशी मी फार जेवले.

मी सरांना एकदा सरळ विचारलंही. "सर, तो चट्टा..." ते म्हणाले, "तुला पोटॅशियमचा आलेख काढायला सांगिटलाय, माझ्या गालाचा न्हाय." विषय संपला.

कॅल्शियमविना प्रयोगाची वेळ आली तेव्हा आमच्याकडं एक अडचण होती. पाण्यात चुकून राहिलेलं थोडंफार कॅल्शियम पकडून ठेवणारं एक रसायन असतं, ते मागवलं होतं आणि ते येता येत नव्हतं. सर म्हणाले, चांगल्या पाण्यात मोजून क्षार घालूया, कॅल्शियम घालायचंच नाही, सुरुवात तर करू. एका बाटलीत नेहमीचं पाणी, दुसरीत कॅल्शियमविना. दोन्ही स्टँडला उलट्या टांगलेल्या, नळीतून थेंब थेंब पेशींच्या बशीत. बाटली बदलली की नळीत हवेचा बुडबुडा अडकायचा. तो काढण्यात माझा हात कच्चा आणि तोंड तिखट. मी नळीला शिव्या द्यायची. सर यायचे, नळीचं टोक अंगठ्यानं दाबायचे, दुसऱ्या हाताच्या बोटानं टिचकी मारायचे, की बुडबुडा वर. "शिव्यांनी बुडबुडा फुटत न्हाय पोरी," म्हणायचे आणि नळी परत बशीत सोडायचे.

आणि कॅल्शियमविना पाण्यात पेशी गप्प बसली नाही. टक्, टक्, टक्.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. टक्, टक्. दुसऱ्या रविवारचं बकरं, तेच. सर पडद्यापुढं स्टूल ओढून बसले आणि मळायचंही विसरले. "अगं, ही कॅल्शियमशिवाय बोलालीया," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "कुठलं तरी नवीन दार हाय. बकऱ्याच्या पेशीत कुणी न बघितलेलं दार."

सरांच्या निवृत्तीला फारसा अवधी राहिला नव्हता. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या शोधांना दुजोरा देणारं काम केलं होतं. प्रामाणिक, नेटकं, कुणाच्या नजरेत न भरणारं. आता पुण्याच्या परिषदेत ही गोष्ट मांडायची ठरली. सरांनी कोट शिवायला टाकला. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत ज्याला त्याला "नवीन दार गावलंय" असं सांगत सुटले. आमचा शिपाई मला येऊन विचारून गेला की दार कुठं बसवायचं आहे.

मग सर पुतण्याच्या लग्नाला नेसरीला गेले. मी मागं एकटीच. बुडबुडा माझ्यानं निघेना, म्हणून शेवटी औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली आणि तिनं पाणी ओढून नळी साफ केली. नेहमीच्या पाण्यात पेशी छान बोलत होती. कॅल्शियमविना पाणी सोडलं आणि हळूहळू आवाज विरळ झाला. मग थांबला. हिरवी रेघ सरळ.

मी पेशी बदलली, बशी बदलली, स्पीकरला थापड मारली. रेघ सरळच. सर येईपर्यंतचे सगळे दिवस असेच गेले. सर लग्नाचे लाडू घेऊन परतले, बाटली बदलली, बुडबुडा काढला आणि पेशी टक् टक् करायला लागली. शिपाई दारातून म्हणाला, "म्हाताऱ्याला वळखत्यात बरं का मॅडम त्या. मालक आला की जनावर हंबरतंय तसं."

मी हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता, कारण माझी नजर सरांच्या अंगठ्यावर होती. नखाच्या कडेला पांढरी रेघ होती. चुना. आणि चुना म्हणजे काय? दहावीच्या पोरानंही सांगावं, कॅल्शियमच. बशीत पाणी ते केवढं, चमचाभरही नाही. त्यात नखाच्या फटीतला कण गेला तरी माझ्या कॅल्शियमविना पाण्याचं पितळ उघडं.

मी दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. सर शेजारी बसलेले असतानाच सिरिंजनं बुडबुडा काढला, तर पेशी गप्प. "तुझा हात लागला की रुसती बघ," म्हणत सरांनी नळी हातात घेतली, अंगठा लावला, टिचकी मारली, आणि मोहरी तडतडायला लागली. ते लहान मुलासारखे खुशीत माझ्याकडं बघत होते. कोट शिंप्याकडून आला होता आणि खुंटीला टांगलेला होता. मी मुळात फटकळ, पण त्या कोटापुढं मी चुन्याचं नाव काढलं नाही.

मी गेले ती थेट काकूंकडं. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, दार, बुडबुडा, अंगठा, चुना. वाटलं, नवऱ्याचा शोध बुडाला म्हणून वाईट वाटेल. काकू शेंगा फोडायच्या थांबल्या. त्यांचे डोळे असे चमकले की मला जरा भीतीच वाटली.

"म्हंजे त्यांच्या तंबाखूनं त्यांचा प्रयोग नासालाय?"

"हो काकू. चुन्यानं."

"मग प्रयोग चांगला व्हायचा असंल तर तंबाखू सोडाय लागंल?"

"तसं नाही, हात साबणानं नीट धुतले तरी..."

काकूंनी शेंगदाण्याची मूठ माझ्या तोंडापुढं आणली. "खा. आन हे हात धुवायचं त्यास्नी सांगू नगंस."

"का पण?" मी दाणे चावत विचारलं.

"माझं ऐकलं न्हाई. डाक्टरचं ऐकलं न्हाई. पोरांचं ऐकलं न्हाई," काकू म्हणाल्या. "बकऱ्याचं ऐकतील. त्या पेशीवर लई जीव हाय त्यांचा. सांग, चुना नखात बसतोय, कातडीत मुरतोय, धुऊन जात न्हाई. पुण्याला जाईस्तोवर तंबाखूला शिवायचं न्हाई. एवढं कर माझ्यासाठी."

चुना नखात बसतो हे खरंच आहे. कातडीत मुरतो हे काकूंचं संशोधन. पण मी ते जसंच्या तसं उचललं. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर खुशाल म्हणो, मला त्याची काडीची लाज वाटत नाही. उलट अजून कधी आठवलं तरी मजा वाटते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि प्रयोगशाळेच्या काचा हलल्या. "माझ्या अंगठ्यावर आळ घेतीस? कॅल्शियम मोजत म्हातारा झालो मी, आन तू मला चुना शिकीवतीस?"

"आळ अंगठ्यावर नाही सर, चुन्यावर," मी म्हणाले. माझाही पारा चढला होता. "तुम्हीच शिकवलंय ना, आपल्याला हवं तेच उत्तर आलं की दोनदा तपासायचं. मग तपासा! परिषदेपर्यंत तंबाखूला हात लावू नका. तरीही पेशी बोलली, तर मी पुण्यात सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

सरांनी आधी आपला अंगठा उजेडात धरून पाहिला. मग खिशातून पुडी आणि डबी काढली, टेबलावर आपटली. "पैज," म्हणाले. "पेशी खरं बोलंल. तिला तंबाखू कशाला लागतीया."

त्यानंतरचे दिवस आमच्या मजल्यावरच्या कुणाला विसरता आले नसतील. सर लवंगा चघळायचे, बडीशेप चघळायचे, फुटाणे खायचे, आणि तेवढ्यानं भागलं नाही की माणसं खायचे. कारकुनाशी पंख्यावरून भांडले. शिपायाला झाडू कसा मारायचा ते शिकवलं. डावा तळवा पुढं करून त्यावर उजवा अंगठा नुसताच फिरवत बसायचे आणि आपण काय करतोय ते लक्षात आलं की हात मागं लपवायचे. एकदा भर वर्गात त्यांनी खडू तळव्यावर मळला. पोरं हसली, सर स्वतःही हसले. काकू रोज डब्यात काहीतरी खास पाठवायच्या, कधी धपाटे, कधी थालीपीठ, कधी गूळपोळी, आणि सर खाता खाता पुटपुटायचे, "ही एवढी खूश का हाय, काय कळत न्हाय."

मला मात्र कळत होतं, आणि त्याचंच ओझं होतं. पेशी गप्प बसली तर सरांचा शोध जाणार. शोध गेला की माणूस दुःखानं पहिली गोष्ट काय करणार? खिशात हात घालणार. मग काकूंचा डाव गेला, आणि गालातला चट्टा तिथंच.

रविवार आला. मी दुकानातून ग्रंथी आणली. पेशी सुट्या व्हायला वेळ लागतो, तो सगळा वेळ सर येरझाऱ्या घालत होते. शेवटी सुई पेशीला टेकली आणि नेहमीच्या पाण्यात ती बोलू लागली. सरांनी हात धुतले, पुसले, माझ्यासमोर लहान पोरासारखे दोन्ही बाजूंनी धरून दाखवले. नखं पार बुडापासून कापलेली. बाटली बदलली. बुडबुडा त्यांनीच काढला, त्याच अंगठ्यानं. नळी बशीत सोडली.

टक्, टक्. टक्. मग बराच वेळ काही नाही. एक चुकार टक्. मग काहीच नाही.

हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं सरळ जात राहिली. सरांनी आणखी एक पेशी घेतली. तीही गप्प. तिसरी, गप्प. बाहेरून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा दंगा ऐकू येत होता, एरवी आम्हाला तो कधी जाणवला नव्हता.

सर स्टुलावरून उठले आणि टेबलाजवळ गेले. डबी त्या दिवसापासून तिथंच पडलेली होती, शेजारी पुडीही. त्यांनी डबी उचलली. मला ओरडावंसं वाटलं, पण मी कोण ओरडणारी? ज्याचं नवीन दार आताच बंद झालंय त्या माणसाला काय सांगायचं? त्यांनी डबी उघडली, सुकून कडक झालेल्या चुन्याकडं पाहिलं. मग काडीच्या टोकावर कणभर चुना घेतला, एका पेल्यात पाण्यात ढवळला, त्यातला थेंब ड्रॉपरनं उचलला आणि पेशीच्या बशीत सोडला.

थोडा वेळ गेला. टक्. टक् टक्. टक् टक् टक् टक्.

सरांनी डोक्याला हात लावला आणि ते असे हसायला लागले की शिपाई पळत आला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं होतं कुणास ठाऊक. "चुनाच की गं! आयला, माझाच चुना!" डबी आणि पुडी त्यांनी खिडकीतून खाली कचऱ्याच्या डब्यात फेकली. नेम चुकला आणि डबी खाली उभ्या असलेल्या कारकुनाच्या स्कूटरवर पडली, म्हणजे भांडणाला एक कारण वाढलं.

पुण्याला सर गेले, नवा कोट घालून. मीही होते. त्यांनी व्यासपीठावर आधी आपला उजवा अंगठा सगळ्यांना दाखवला आणि मग घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. इतक्या थोड्या कॅल्शियमवर ही पेशी कशी जागी होते, आणि म्हणून ज्याला कॅल्शियमविना प्रयोग करायचाय त्यानं आधी स्वतःचे हात तपासावेत, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ. लोक पोट धरून हसले. चहाच्या वेळी मात्र एकेक जण हळूच येऊन आपापल्या प्रयोगशाळेतले भलते घोळ सांगत होता. एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदा सरांशी बोलायला थांबली होती. सर परतीच्या गाडीत खिडकीशी बसून गात होते, बेसूर.

काही महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडं जायचं होतं. काकू मलाही घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दिवा लावून गाल आतून पाहिला, बोट फिरवलं, जुना कागद काढून पुन्हा पाहिला. "चट्टा गेलाय," ते म्हणाले. "तुकडा काढायची गरज नाही. कशी काय सोडली हो?" सर छताकडं बघत म्हणाले, "बकऱ्यानं सोडवली." काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि तिथं वाढायला काही नव्हतं म्हणून पिशवीतली मोसंबी डॉक्टरांच्या टेबलावर एकेक करून मांडायला लागल्या.

त्याच आठवड्यात काकू पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आल्या. म्हणाल्या, "ती रेघ दाखव मला." मी पेशी लावली. टक् टक् ऐकून त्या दचकल्या. मग मी कॅल्शियमविना पाणी सोडलं, आणि आवाज विरळ होत होत थांबला. हिरवी रेघ सरळ झाली. काकूंनी पदर डोक्यावर घेतला. मग देवापुढं जोडतात तसे त्यांनी त्या पडद्याला हात जोडले आणि डोळे मिटले.

सर माझ्या शेजारी उभे होते. पडद्यावरची नजर न हलवता ते मला म्हणाले, "हात धुतलं असतं तरी भागलं असतं की गं."

मी गर्रकन वळले. "सर, तुम्हाला... पैजेच्या वेळीच कळलं होतं?"

"मी काय खुळा हाय? कॅल्शियम शिकवतो मी." त्यांचा आवाज पुन्हा तसाच हळू झाला होता. "लई भ्यालोतो पोरी. रोज आरशात गाल बघायचो. पण हिनं सांगून सोडली असती, तर भ्यालो हे हिला कळलं असतं. मग ही कुणाकडं बघून धीर धरणार? तू पैज लावलीस, बरं झालं."

काकूंनी डोळे उघडले. "काय म्हणालायसा?"

"काय न्हाय," सर म्हणाले. "रेघ सरळ हाय म्हणालो."